चार टक्के धोका

"माताजी, जवाब बहू को देने दीजिए," डॉक्टर म्हणाले.

"देगी ना. पर हिंदी नहीं बोलती ये, मैं बता देती हूँ." सुमंगलाबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

धारला कोणी ना कोणी ओळखीचं भेटणारच, म्हणून त्यांनी सुनेला थेट देवासला आणलं होतं. धाकट्या लेकीचं, श्रियाचं, लग्न बदनावरला जमत आलेलं; घरात वेडाचं काही आहे एवढी कुणकुण तिकडे लागली असती तरी पुरे होतं. डॉक्टर नवे, कानपूरकडचे, मराठीचा गंध नसलेले. प्रत्येक उत्तर ते कॉम्प्युटरमध्ये भरत होते. माणूस जिवाचं बरंवाईट करून घेईल का, ते कॉम्प्युटर टक्क्यांत सांगणार होता.

"नींद आती है?"

"झोपच लागत नाही," अल्पना म्हणाली.

"आती है, ज़रा देर से आती है," सुमंगलाबाईंनी सांगितलं.

"कभी लगता है कि जीना ही नहीं है?"

"सारखं वाटतं."

सुमंगलाबाईंनी पदर सावरला. "थक जाती है जी, काम बहुत रहता है."

अल्पनाला हिंदी बोलता येत नसलं, तरी कळत सगळं होतं. तिने सासूकडे पाहिलं. मग पाहणंही सोडून दिलं.

"मन में और क्या आता है, बेटा?"

"आईकडे जायचंय."

तिची आई गेल्या दिवाळीत वारली होती. सुमंगलाबाई स्वतः बाराव्याला जाऊन आल्या होत्या. त्यांची जीभ क्षणभर अडखळली.

"मायके जाना है, बोलती है."

पडद्यावर हिरवा आकडा आला. "ख़तरा चार परसेंट. नहीं के बराबर," डॉक्टर म्हणाले. "और ये सौ में पंचानवे बार सही निकलता है, माताजी."

सुमंगलाबाईंना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. आपण काहीही सांगितलं तरी एवढं हुशार यंत्र खरं काय ते ओळखेलच, अशी त्यांची आपली भाबडी समजूत होती. आता खरं सांगायचं, तर आधीचं सगळंच खोटं म्हणून कबूल करायला हवं. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"तो भेज दीजिए माँ के पास," डॉक्टर हसत म्हणाले. "बोलो बेटा, कब जाना है?"

"आज," अल्पना म्हणाली.

हा शब्द दोन्ही भाषांत एकच. सुमंगलाबाईंना त्यात काही घालता आलं नाही की काढता आलं नाही.