चाखणारे

ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीकाठच्या फार्मवर दिवसभर मेंढ्यांची लोकर कातरून बार्नीची कंबर मोडली होती. तरी बाकीच्या कातरणाऱ्यांनी त्यालाच स्वयंपाकघरात पिटाळलं. नवी स्वयंपाकीण नोरीन भांडी घासत होती. “राग मानू नका बाई,” तो म्हणाला, “मटण चामड्यासारखं होतं, बटाटे कच्चे राहतात. पोरांनी हात वर करून ठरवलंय, दुसरी बाई आणायची.” नोरीनचा हात थांबला. “नवऱ्याने जन्मभर हेच खाल्लं. पेपरात डोकं घालून. बरं नाही, वाईट नाही, एक शब्द नाही. माझ्या हातचं नीट चाखणारे तुम्हीच पहिले रे.” बार्नीला फक्त आडवं व्हायचं होतं. “मग नीट कसं शिजवतात ते तरी सांग,” ती म्हणाली. बाहेरून कोणीतरी ओरडलं, “सांगितलंस का रे?” “सांगतोय,” तो थकल्या आवाजात म्हणाला आणि खुर्ची ओढून उद्याचं मटण कापायला बसला.