केस येईपर्यंत

सकाळी दहा वाजता डॉक्टरांनी मांजराच्या पोटावरचा केस जाऊन उघडा पडलेला चट्टा तपासला.

"नायटा नाही. भेदरून स्वतःलाच चाटतंय. घरात आरडाओरडा असतो का?"

"आमच्या घरात?" नवरा एवढ्या जोरात गरजला की मांजर बायकोच्या ओढणीत शिरलं. "चार लोकांत मिरवायला आणलेलं मांजर, हिने त्याचं पोतेरं केलं! डोकंच नाही हिला."

"मग काही दिवस जागा बदलून बघा."

"ने माहेरी," तो बायकोवर खेकसला. "त्याला केस आल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

दोन महिन्यांनी त्याने फोनवर विचारलं, "उगवले का केस?"



मांडीवरच्या गुबगुबीत मांजराचं दाट पोट विंचरत ती म्हणाली, "नाही हो, अजून तुळतुळीतच आहे."