इन्स्पेक्टर राठोडची तालीम

“अटक म्हणालास ना? मग जरा दरारा येऊ दे आवाजात,” कुंदामावशी फोनवर म्हणाल्या आणि त्यांनी गॅस बारीक केला.

पलीकडच्या माणसाने पुन्हा सुरुवात केली.

“मॅडम, मी दिल्लीहून इन्स्पेक्टर राठोड बोलतोय. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत.”

“ते कळलं रे. पण दिल्लीचा माणूस इतकं छान मराठी कसं बोलतो? लोक विचारणार.”

“माझं… नाशिकला पोस्टिंग होतं.”

“हां! हे बरं सुचलं.”

लालबागच्या त्या चाळीत हा आठवडा परीक्षेचा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या शामरावांना एका खोट्या पोलिसाने फोनवरून धमकावून दिवसभर खोलीत कोंडून ठेवलं होतं. तेव्हापासून मंडळाने ठरवलं, की वरच्या मजल्यावरच्या मयूरने आवाज बदलून चाळीतल्या एकेका म्हाताऱ्या माणसाला असाच फोन करायचा. जो घाबरून माहिती देईल तो नापास. आज पाळी कुंदामावशींची होती.

आणि त्यांना पास व्हायचंच होतं. गेल्या महिन्यात फुकट पैठणी देणाऱ्या एका जाहिरातीवर त्यांनी क्लिक केलं आणि घरचा कॉम्प्युटर पार बिघडला. मुलाने, निलेशने, तो दुरुस्त करून आणला, पण पासवर्ड बदलून स्वतःजवळ ठेवला. तेव्हापासून मस्कतची नात दुपारी व्हिडिओ कॉलवर दिसेनाशी झाली. निलेश रात्री घरी येईपर्यंत ती झोपलेली असे. आता ती बसायला लागली, असं लेकीकडून नुसतं ऐकायचं.

“मयूरच्या परीक्षेत पास हो आई, पासवर्ड तुझा,” निलेश म्हणाला होता.

“मॅडम, प्रकरण गंभीर आहे,” फोनवरचा आवाज म्हणाला. “कॉम्प्युटर सुरू करा. मी सांगतो ते ॲप टाका.”

“कशाला? माझ्या घरातलं सगळं तुला तिथे बसून दिसावं म्हणून? नाही टाकणार. एक मार्क दे मला.”

“आधार नंबर सांगा.”

“नाही सांगत. दुसरा मार्क.”

“घरात कुणाला यातलं बोलायचं नाही!”

“अरे, हे वाक्य आधी घ्यायचं! एकटं पाडल्याशिवाय माणूस घाबरतो का? पुन्हा घे, पहिल्यापासून.”

मावशींना राहवतच नव्हतं. चाळीच्या गणपतीत नाटकं व्हायची, तेव्हा पडद्याआड बसून प्रॉम्प्टिंग त्याच करायच्या. गिरणीतली पाळी संपवून माणसं तशीच तोंडाला रंग लावून उभी राहायची आणि निम्मी वाक्यं विसरायची. शामराव एकदा राजा झाले होते. मावशी मागून कुजबुजल्या, “अहो, तलवार उलटी धरलीय,” तर तेही त्यांनी भर दरबारात ठणकावून सांगून टाकलं. प्रेक्षकांनी वन्समोअर दिला होता.

“मी इन्स्पेक्टर राठोड…”

“पोटातून बोल.”

“मी इन्स्पेक्टर राठोड!”

“शाबास! आणि ते मॅडम मॅडम काढून टाक. अटक करायला आलास की साडी विकायला?”

गॅलरीतून जाणाऱ्या बायका दाराशी थांबल्या होत्या. त्या खो-खो हसत सुटल्या.

“तिकडे कोण हसतंय?”

“प्रेक्षक. लक्ष देऊ नकोस, तू चालू ठेव.”

“आजी,” आवाज एकदम केविलवाणा झाला, “मला अजून पुष्कळ फोन करायचेत.”

“कर बाबा. पण जरा जपून रे, म्हातारी माणसं असतात. जेवलास का?”

“नाही.”

“मग आधी जेव.”

“हो,” म्हणून त्याने फोन ठेवला.

मावशींनी लगेच निलेशला ऑफिसात फोन लावला. “पास झाले! सांग पासवर्ड.”

“पासवर्ड फोनवर सांगायचा नसतो आई,” तो हसत म्हणाला आणि चक्क संध्याकाळीच घरी आला.

कॉम्प्युटर सुरू झाला. मोठ्या पडद्यावर नात दिसली. खरंच बसली होती. खाली दोन दात आले होते. मावशींनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या, आणि तोल जाऊन उशीवर लवंडली. घरभर हसू पसरलं.

तेवढ्यात दारात मयूर उभा राहिला. गळ्याला मफलर गुंडाळलेला.

“ये रे इन्स्पेक्टर! जेवलास की नाही?” मावशींनी विचारलं.

मयूरने घशाकडे बोट दाखवलं. तोंडातून नुसता वारा आल्यासारखी कुजबुज बाहेर पडली.

“सॉरी मावशी, काल दहीहंडीत ओरडून ओरडून आवाजच गेलाय. आज कुणालाच फोन केला नाही. तुमची परीक्षा उद्या घेतो.”