आडमुठा स्क्रू

“हिला धाकट्याच्या हाताला जमेल अशी लावून द्या,” थोरल्यानं गिटार मिस्त्रींच्या टेबलावर आडवी ठेवली. “आज संध्याकाळच्या कार्यक्रमापासून पुढं माझ्या जागी तो उभा राहणार. माझ्या बोटांत जीव नाही उरला. हा बिचारा रोज तेल चोळून देतो, पण गिटार नुसती कुजबुजते.”

हीच गिटार गेल्या वर्षापर्यंत अशी गरजायची, की पलीकडच्या गल्लीतले बहिरे कानातली यंत्रं काढून ठेवायचे आणि तरी ताल धरायचे. मिस्त्रींचा कानही काही कमी नव्हता. भिंतीतली वाळवी बेसूर कुरतडते म्हणून त्यांनी म्हणे एकदा दुकान बदललं होतं.

मिस्त्रींनी गिटारीची वायर स्पीकरला जोडून तार छेडली. एक डोळा मिटून गिटारीकडे आडवं पाहिलं.

“बोटांना कशाला बोल लावता? पिकअप बघा की कुठं गेलाय! विहिरीत उतरल्यासारखा.”

तारांखालचा तो चुंबकाचा ठोकळा पार लाकडात रुतला होता. इतक्या खालून त्याला तारेचं काय कप्पाळ ऐकू येणार?

“जुनी झाली, बसला असेल,” धाकटा म्हणाला. “राहू द्या मिस्त्री, घरी बघतो मी.”

“तू काय बघणार?” थोरला हसला. “मिस्त्री, आम्हा भावांनी जन्मात स्क्रूला हात लावलेला नाही. घरात बल्बसुद्धा बायको बदलते.”

पिकअपच्या दोन बाजूंना दोन स्क्रू. पहिला फिरवला तशी ती बाजू वर आली. दुसरा मात्र जागच्या जागी गरगरत राहिला. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर बदलला, फुंकर मारली, स्क्रूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ढिम्म!

“तसा नाही धरत तो!” धाकटा वैतागून पुढं झाला. “आधी पिकअप अंगठ्यानं कलता दाबायचा, मग फिरवा...”

अंगठा नेमक्या जागी टेकला. मग धाकट्यानं तो झटकन मागं ओढला.

मिस्त्री उठले आणि स्वच्छ असलेली खिडकी पुसू लागले.

थोरल्यानं त्या अंगठ्याकडे पाहिलं. मग स्क्रूड्रायव्हर उचलून धाकट्याच्या हातात दिला.

“कर वर. मी तार वाजवतो.”

“दादा, मी...”

“फिरव.”

स्क्रूनं मुकाट्यानं धरलं. थोरला एकच तार पुन्हा पुन्हा छेडत राहिला. कुजबुज गेली, आवाजाला अंग आलं, मग छाती आली. खिडकीची काच मिस्त्रींच्या हाताखाली थरथरू लागली.

“आला ना आवाज, दादा?” धाकट्यानं मान वर न करता विचारलं.

“अजून,” थोरला म्हणाला.

त्याच्या बोटांना कालच्या तेलाचा वास येत होता.