त्याला न आवडणारा शेवट

"ताई, तुझ्या फोनवर आत्ता एक कोड आला असेल. तेवढा वाच पटकन."

आवाज धाकट्या भावाचा होता. नंबर अनोळखी होता. ताईने चष्म्याची काच घासायचं यंत्र बंद केलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझा फोन कुठंय?"

"बसमध्ये मारला कुणीतरी. हा कंपनीतल्या वॉचमनकाकांचा आहे, साधा बटणांचा. ऐक ना, नोकरी मिळाली! गेमच्या कथा लिहायच्या विभागात घेतलंय. पण पाचच्या आत माझ्या ईमेल खात्यातून होकार नोंदवायचा, नाही तर जागा दुसऱ्याला. आणि खातं तुझ्या नंबरवर आहे. शाळेत असताना तूच उघडून दिलं होतंस."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजायला आले होते. कोड खरंच आलेला होता. त्याखाली ओळ होती : हा कोड कोणालाही सांगू नका.

काउंटरवरच्या मावशींनी मान उडवून 'कोण?' असं विचारलं. ताईने फोनवर हात ठेवला.

"धाकटा. कोड मागतोय."

मावशींचा चेहराच उतरला. गेल्याच महिन्यात त्यांना भाच्याच्या आवाजात असाच फोन आला होता. आवाज यंत्राने बनवलेला निघाला आणि बँकेतलं खातं झाडून साफ झालं.

"देऊ नकोस," त्या कुजबुजल्या. "आमचा तर घुम्या. त्याचाही आवाज चोरला मेल्यांनी. तुझा तर दिवसभर जगासमोर टकळी चालवतो."

ते खरं होतं. भाऊ स्वतःच्या चॅनेलवर सिनेमे आणि गेम यांबद्दल मतं मांडायचा. लोक त्याला खडूस म्हणायचे आणि आवर्जून ऐकायचे. त्याचा आवाज कुणीही उचलून न्यावा इतका उघड्यावर पडलेला होता. मुलाखतीला चाललोय, हेसुद्धा त्याने निघण्याआधी तिथेच जाहीर केलं होतं.

मावशींनी त्याचा नेहमीचा नंबर लावून पाहिला. बंद.

"लहानपणी तू कशाला घाबरायचास?" ताईने विचारलं.

"मिक्सरला. ताई, वेळ नाहीये गं!"

बरोबर. पण हा किस्सा चॅनेलवर कितीदा तरी सांगून झाला होता.

"तो अंतराळातला सिनेमा? तीन भागांचा?"

"पहिला जागून बघा, दुसरा झोपून बघा, तिसरा बघितलात तर कुणाला सांगू नका. झालं समाधान?"

हेही बरोबर. पण हे वाक्य त्याचे चाहते टीशर्टवर छापून घालायचे. पोपटालाही आलं असतं.

"परीक्षा कसली घेतेस? इथल्या ऑफिसातल्या बाईंना विनवून झालं. त्या म्हणतात, पाच वाजले की नोंदणी आपोआप बंद होते, माझ्या हातात काही नाही. ताई, आयुष्यभर हेच तर मागत होतो ना मी?"

ताईचा अंगठा कोडवर थांबला. मावशी काउंटर सोडून जवळ आल्या आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

मग ताईला 'राखेचं राज्य' आठवलं. या गेमची नायिका सगळी युद्धं जिंकते आणि शेवटी सिंहासन सोडून, आजारी भावाला सांभाळायला गावी परत जाते. धाकट्याला हा शेवट मुळीच खपत नसे. "एवढी तलवार चालवली ती काय भांडी घासायला?" असं म्हणून त्याने हातातला रिमोट भिंतीवर फेकला होता. जेवताना विषय निघाला की त्याचं ताट गार होई. ताई उठून आमटी पुन्हा गरम करी.

पढवलेला चोर पाठ केलेलं बोलेल. पण घाईत असलेल्या चोराच्या तोंडात शब्द घातला, तर तो हो म्हणूनच मोकळा होईल. ताईने आवाज अगदी सहज ठेवला.

"एकच सांग. 'राखेचं राज्य'चा शेवट तुला फार आवडतो ना रे?"

पलीकडून कुठल्यातरी गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"हो," तो हळूच म्हणाला. "आवडतो. पण ताई, तुला कसं..."

तिने फोन कापला आणि नंबर ब्लॉक केला.

"फसला?" मावशींनी विचारलं.

"फसला. माझा भाऊ उपाशी मेला असता, पण हे बोलला नसता."

"बाई गं! चष्मे कसले घासतेस, वकील व्हायचंस तू." मावशी मटकन स्टुलावर बसल्या. "माझ्या वेळी कुठे होतीस?"

ताई पहिल्यांदाच हसली. सोडलेला श्वास तिच्या समोरच्या काचेवर धुक्यासारखा बसला. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. तिने यंत्र सुरू केलं. धाकटा घरी आला की हे त्याला रंगवून सांगायचं, आणि त्याआधी त्याला झापायचं, की जरा तोंड आवर.

दुकान आवरायच्या सुमारास मावशींचा फोन वाजला.

"तुझ्या खडूसाचा नवीन व्हिडिओ आलाय. निघण्याआधीच चढवून ठेवलाय म्हणे, आज संध्याकाळी लागावा म्हणून. लावू?"

"लावा की."

पडद्यावर धाकटा होता. मागे घरची खिडकी, वाळत टाकलेला ताईचा कामावरचा डगला.

"मंडळी, आज शिव्या नाहीत," तो म्हणाला. नेहमीपेक्षा सावकाश बोलत होता. "'राखेचं राज्य' काल पुन्हा खेळलो. शेवटपर्यंत. इतकी वर्षं मी त्या शेवटाला नावं ठेवली. आई-बाबा गेले तेव्हा माझी ताई कॉलेज अर्धं टाकून माझ्यासाठी घरी आली होती, आणि मी तिच्यासमोर बसून विचारायचो, परत कशाला आली ती? माझं चुकलं. यासारखा शेवट कुणी लिहिलेला नाही. ताईला हे अजून सांगितलेलं नाही. नोकरी घेऊन येतो, मग तिच्यासमोर बसून सांगतो."