झोळीतलं वजन

हुपरीच्या अंगणवाडीत बाळाबाईंनी वजनकाटा टांगला. झोळी रिकामी होती, तरी काटा साडेसात किलोवर थांबला.

वजनकाटा बिघडला म्हणावा, तर मूल बसवलं की वजन बिनचूक यायचं. रिकाम्या झोळीत गेल्या महिन्यात आठ किलो होते, त्याआधी साडेआठ.

तीन वर्षांची शिवांजली यायची थांबली, तेव्हा नऊ किलोची होती.

“मामाकडं गेलीया की, बाई. किती येळा इचारायचं?” तिला सांभाळणारी काकी म्हणाली होती. पोरीच्या पाठीवरचे वळ आठवत असूनही दमलेल्या बाळाबाईंनी विषय सोडला होता.

आज त्यांनी मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला.

“मूल आत्ता कुठं आहे?” पलीकडून विचारलं.

“दिसत न्हाय, पण अजून हाय,” बाळाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत काटा शून्याकडे सरकू लागला.