तिच्या गाडीची स्टेपनी

डॉक्टरांनी बायकोला फार तर सहा महिने सांगितले. त्याच दिवशी घरी येताना तिने आपली सुसाट पळणारी गाडी टायरच्या दुकानापुढे थांबवली. या गाडीला कंपनीने स्टेपनी दिलीच नव्हती, पंक्चरसाठी नुसता फेसाचा डबा. आणि मला साधी हवासुद्धा भरता येत नव्हती.

दुकानदार म्हणाला, "ताई, स्टेपनीने डिकी भरून जाईल. सामान कुठे ठेवाल?"

"यांचं एकट्याचं सामान असून असणार किती?"

संध्याकाळी तिने माझ्याकडून तीनदा चाक बदलून घेतलं. "अहो, आधी नट सैल करा, मग जॅक लावा. नाहीतर चाकही फिरेल आणि तुमचं डोकंही."

तिला जाऊन आठ महिने झाले. गाडी मी अजून फाटकाबाहेर काढलेली नाही.